जुना रिकर्व्ह कुठला, हे शोधताना

जुना रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, हाती आला की आधी एक विनंती: पॉलिश पेपर बाजूला ठेवा. नवखे लोक हौसेने धनुष्य घासून चकचकीत करतात आणि कारखान्याने हाताने लिहिलेला मजकूर वार्निशसकट उडवतात. एकदा तो गेला की उरते फक्त लाकूड.

मुठीच्या वर-खाली, भुजांच्या (मुठीपासून टोकांपर्यंतच्या वाकणाऱ्या भागांच्या) सपाट बाजूंवर तिरपा उजेड पाडून बघा. तीन गोष्टी टिपा:

१. ‘४५#’ असा आकडा. हा ताण, पौंडांत. बहुतेक वेळा दोरी २८ इंच ओढल्यावरचा.
२. ‘एएमओ’ (धनुष्य-उत्पादकांच्या अमेरिकी संघटनेचं लघुरूप) आणि इंच. ही धनुष्याची लांबी, मॉडेल नव्हे.
३. नाव, बिल्ला, अनुक्रमांक.

सगळ्यात जास्त फसगत बेअर या अमेरिकी कंपनीच्या धनुष्यांवर होते. त्यावर ‘कॅनडा १९५३’ दिसलं की लोक खूश: सत्तर वर्षांचं, कॅनडाचं! तो पेटंटचा उल्लेख आहे. धनुष्य अमेरिकेतलंच. कंपनी आधी मिशिगनमधल्या ग्रेलिंगला होती, १९७८ मध्ये फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला गेली. म्हणून गावाचं नाव वाचता आलं तर काळाचा अंदाज लगेच येतो. बिल्ल्याच्या धातूवरून वर्ष काढणं नंतर शिकू.

आणि ओळख पटेपर्यंत दोरी चढवू नका. भुजा पिळलेली नाही ना, फायबरग्लासचा थर सुटलेला नाही ना, ते आधी तपासा. पुढे चढवलीत तरी बाणाशिवाय ओढून सोडायची नाही, आणि दोरी डेक्रॉनचीच (हा पॉलिएस्टरचा धागा).

फोटो काढताना अक्षरं जवळून घ्या. भिंतीवर टांगलेल्या धनुष्याच्या सुंदर फोटोवरून कुणालाच काही सांगता येत नाही!