वाचकांचे प्रश्न : लाइन मोठी, तरी डेटा रांगतो

प्रश्न : खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीची आमची २ टेराबाइट निरीक्षणं नेदरलँड्समधल्या सहकाऱ्यांना पाठवायची आहेत. कॉलेजात १ गिगाबिटची लाइन आहे, पण एससीपीने (फाइल पाठवायच्या साध्या आज्ञेने) सेकंदाला जेमतेम ४ मेगाबाइट जातात आणि मध्येच तुटतं. जादा लाइन घ्यावी का?
– संशोधक विद्यार्थिनी, गणेशखिंड

उत्तर : घेऊ नका, पैसे वाया जातील. आत्ताच्या वेगाने पावणेसहा दिवस लागतील. सगळं जुळून आलं तर याच लाइनवर साडेपाच-सहा तासांत काम होतं.

अडचण अंतराची आहे. तिकडे पिंग करून बघा (संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते कळतं), साधारण १५० मिलिसेकंद दिसतील. एवढ्या अंतरावर १ गिगाबिटची लाइन भरलेली ठेवायची तर कोणत्याही क्षणी सुमारे १९ मेगाबाइट डेटा वाटेत असावा लागतो. एससीपी मात्र पोच आल्याशिवाय २ मेगाबाइटच्या पुढे सोडत नाही (या मर्यादेला खिडकी म्हणतात), म्हणजे सेकंदाला फार तर १४ मेगाबाइट. तुम्हाला तेवढेही मिळत नाहीत, तेव्हा वाटेत पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) गळत असावीत. जुन्या रेनो पद्धतीच्या टीसीपीत (इंटरनेटवर डेटा पोचवण्याच्या नियमावलीत) लाखात एक पॅकेट हरवलं तरी वेग ३० मेगाबिटच्या आसपास येतो. तुमचे ४ मेगाबाइट म्हणजे ३२ मेगाबिटच. लिनक्समधली क्युबिक पद्धत जरा सोशिक, इतकंच.

आधी ट्रेसरूट चालवा, म्हणजे पॅकेट कोणत्या वाटेने जातात ते दिसेल. बऱ्याच कॉलेजांत दोन लाइनी असतात : एक खासगी कंपनीची, दुसरी राष्ट्रीय ज्ञान जाळ्याची, म्हणजे एनकेएनची. युरोपातल्या जिआंट या संशोधन जाळ्याशी जोडलेली आहे ती एनकेएन. पॅकेट खासगी लाइनने जात असतील तर त्या पत्त्यापुरता मार्ग बदलायला सांगा.

मग आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने एक प्रवाह आणि नंतर आठ प्रवाह मोजा (समोरही तो चालू हवा). आठांची बेरीज आठपटीजवळ गेली तर दोष गळतीचा किंवा खिडकीचा, आणि समांतर प्रवाहांनी काम भागेल. बेरीज एकाच आकड्यावर अडली, तर बहुतेक वेळा गुन्हेगार फायरवॉल (कॉलेजच्या जाळ्याचा सुरक्षा-पहारेकरी), कारण तो प्रत्येक पॅकेट उघडून बघतो. त्यावर उपाय म्हणजे डेटा पाठवण्यापुरतं वेगळं मशीन फायरवॉलच्या बाहेर ठेवायचं आणि राउटरवर फक्त समोरच्या संस्थेचे पत्ते खुले करायचे. याला सायन्स डीएमझेड म्हणतात. सिस्टिम ॲडमिन कुरकुरतील. त्या मशीनवर मेल-ब्राउझर काहीही नसेल असं लिहून द्या.

पाठवायला ग्लोबस (मोठ्या फाइल पाठवण्याची सेवा) वापरा. तो तुटलं तिथून पुन्हा सुरू करतो आणि शेवटी चेकसमही ताडतो, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोचली का ते बघतो. सर्व्हर बसवायचा असेल तर ४४३ आणि ५०००० ते ५१००० ही टीसीपी पोर्टं (जोडणीची दारं) खुली लागतात. दोन्ही टोकांना सर्व्हरऐवजी पर्सनल (वैयक्तिक संगणकावरची) आवृत्ती असेल तर सशुल्क वर्गणीशिवाय फाइल जात नाहीत, म्हणून समोरच्या संस्थेकडे सर्व्हर आहे का ते आधी विचारा.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. डेटा यूएसबी २ च्या डिस्कवर असेल तर सेकंदाला ३०-४० मेगाबाइटच्या पुढे तीच देणार नाही, जाळ्याला दोष देऊन काय उपयोग? आणि हजारो बारक्या फाइल असतील तर टार करून (एका फाइलीत बांधून) १०-२० गिगाबाइटचे गठ्ठे करा. डेटा दाबण्याच्या (कॉम्प्रेस करण्याच्या) फंदात पडू नका. कच्चा रेडिओ डेटा बहुतांश गोंगाटच असतो, फारसा आवळत नाही.

प्रश्न : एड्युरोम (शिक्षणसंस्थांचं सामायिक वायफाय) इथे छान चालतं, परदेशी विद्यापीठात लॉगिनच झालं नाही. असं का?
– एक प्राध्यापक, पाषाण

उत्तर : बहुधा तुम्ही नुसतं वापरकर्ता-नाव टाकलं होतं. घरच्या सर्व्हरला ते पुरतं. परक्या जागी मात्र ॲटच्या चिन्हानंतरचं संस्थेचं नाव बघूनच विनंती देशाच्या सर्व्हरमार्फत (भारतात ही सेवा अर्नेट इंडिया सांभाळते) तुमच्या संस्थेकडे पोचते. ते नाव नसेल तर ती कुठे न्यायची हेच कळत नाही. जुनी सेटिंग पुसून संस्थेची कॅट प्रोफाइल (एड्युरोमची तयार सेटिंग) बसवा. ‘प्रमाणपत्र तपासू नका’ हा पर्याय कधीच निवडू नका; सर्व्हर खरा असल्याची ती खूण असते. त्याच नावाचं खोटं वायफाय उभारून पासवर्ड लाटता येतो. निघण्याआधी पुण्यातल्याच दुसऱ्या एखाद्या एड्युरोम असलेल्या संस्थेत जाऊन जोडून बघा.