तंबूतला दिवा किती मंद होतो?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : येत्या डिसेंबरात आम्ही दोघे आणि आमची आठ वर्षांची मुलगी भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी दोन रात्री तंबूत राहणार आहोत. तंबू तिघांना पुरेल एवढाच असून आत धड उभे राहता येत नाही. महात्मा गांधी रस्त्यावरील एका दुकानात मला १००० ल्यूमेनचा (ल्यूमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड मोजण्याचे एकक), जवळपास अर्धा किलो वजनाचा कंदील दाखवण्यात आला. मुठीत मावणारे छोटे दिवेही तेथे होते. परंतु त्यांचा उजेड पुरणार नाही, असे दुकानदाराचे म्हणणे पडले. मुलीला पूर्ण अंधारात झोप लागत नाही. कोणता दिवा घ्यावा?
(एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे अंगणापुरते खरे आहे, तंबूपुरते नाही. आपल्या घरातील नऊ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ८०० ते ९०० ल्यूमेन उजेड देतो आणि तेवढ्यावर आपली बैठकीची खोली उजळते. तोच बल्ब डोळ्यांपासून दोन-अडीच फुटांवर, पांढरट कापडाच्या चार भिंतींच्या आत टांगला, तर काय होईल याची कल्पना करून पाहावी. उगमापासूनचे अंतर निम्मे झाले की पडणारा उजेड चौपट होतो, शिवाय तंबूचे कापड तो पुन्हा आत परतवते. त्यामुळे तीन माणसांच्या तंबूत जेवण, अंथरुणे घालणे आणि पत्ते खेळणे यांना ५० ते १०० ल्यूमेन भरपूर होतात, वाचनाला ३० ते ४० पुरतात, आणि मुलीच्या उशाशी रात्रभर तेवत ठेवायला तर ५ ल्यूमेनही चालतात.

म्हणूनच आपण दिवा निवडताना तो जास्तीत जास्त किती उजळतो हे न विचारता, कमीत कमी किती मंद होतो हे विचारावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. खोक्यावर मोठ्या आकड्यात छापलेला असतो तो नेहमी पहिला गुण. दुसरा बहुधा माहितीपत्रकाच्या तळाशी सापडतो, आणि कित्येकदा तेथेही नसतो. अशा वेळी दुकानातच दिवा सर्वांत मंद पायरीवर लावून काउंटरखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात धरून पाहावा, कारण दिवसाउजेडी झगमगत्या दुकानात कोणताही छोटा दिवा केविलवाणाच दिसतो. मंद पायरीवर तो थेट डोळ्यांसमोर धरला तरी डोळे मिटावेसे वाटता कामा नयेत. त्याच पायरीवर मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरावा; पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा वेगाने लुकलुकत मंद होतो असे समजावे. काहींना अशा उजेडात वाचताना डोके दुखते, काहींना काहीच जाणवत नाही. आपल्या घरी कोणाला त्रास होतो का, हे आपणच जाणता.

उजेडाचा रंगही पाहावा. २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) पिवळसर प्रकाश झोपण्यापूर्वी डोळ्यांना सुखावतो आणि निळसर पांढऱ्या प्रकाशाच्या मानाने किडेही कमी ओढतो. जलाशयाकाठी हा फरक जेवताना ताटातच कळतो. दिव्याला लाल प्रकाशाची सोय असेल तर उत्तम. डिसेंबरात तिचा उपयोग इतकाच, की रात्री बाहेर जाऊन आल्यावर कोणाची झोप मोडत नाही आणि अंधाराला सरावलेली नजरही टिकते. परंतु याच भागात मे महिन्याच्या अखेरीस व जूनमध्ये काजवे पाहायला जाण्याचा बेत असेल, तर पांढरा दिवा बंदच ठेवावा लागेल. काजव्यांचे नर-मादी एकमेकांना प्रकाशानेच खुणावतात आणि आपल्या कंदिलांनी त्यांचे हे संभाषण तुटते.

आता वजनाविषयी. अर्धा किलोच्या कंदिलात वजन बहुतेक वेळा दिव्याचे नसून सेलचे असते. जुन्या पद्धतीच्या मोठ्या ‘डी’ आकाराच्या एका अल्कलाइन सेलचे वजन १४० ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे तीन सेल घातले की कंदील हातात घेण्याआधीच ४०० ग्रॅम झाले. गाडी तंबूपर्यंत जाणार असल्यास हे वजन पाठीला जाणवणार नाही, हे मान्य. पण तंबूच्या छताला शिवलेल्या नाजूक बंदाला ते जाणवते. छत खाली ओढले जाते, वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीला कंदील हेलकावे खातो आणि भिंतींवर सावल्या नाचू लागतात. अंधाराला भिणाऱ्या मुलीसाठी याहून वाईट करमणूक नाही. १०० ते १५० ग्रॅमपर्यंतचा, वरच्या बाजूला पक्की कडी असलेला आणि दुधी आवरणाचा दिवा आपल्याला सोयीचा पडेल.

बॅटरीचा हिशेब आपण स्वतः मांडू शकता. समजा, दिव्यात ३.७ व्होल्टचा, २००० मिलीअँपिअर-तासांचा लिथियम-आयन सेल आहे. म्हणजे एकूण ऊर्जा झाली ७.४ वॅट-तास. चांगला एलईडी एका वॅटला १०० ल्यूमेनच्या आसपास प्रकाश देतो, त्यामुळे वाया जाणारी वीज धरून ५० ल्यूमेनला साधारण ०.६ वॅट लागेल. संध्याकाळचे तीन तास ५० ल्यूमेन आणि रात्रीचे आठ तास ५ ल्यूमेन, असे धरले तर एका रात्रीचा खर्च अडीच वॅट-तासांच्या घरात जातो. दोन रात्री निघून थोडी शिल्लक उरते, आणि तीही पॉवर बँक न नेता. हाच दिवा १००० ल्यूमेनवर चालवायचा म्हटला असता, तर सेलने एक तासही साथ दिली नसती.

खोक्यावरील ‘१०० तास चालतो’ या शब्दांवर मात्र विसंबू नये. एएनएसआय एफएल १ या हातातल्या दिव्यांसाठीच्या प्रचलित अमेरिकी मानकानुसार सुरुवातीच्या उजेडाच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा काळ ‘चालण्याचा’ धरला जातो. १०० ल्यूमेनने सुरू झालेला दिवा तासाभरात ३० वर घसरून पुढे रांगत राहिला, तरी कागदोपत्री तो चालूच असतो. उजेड अखेरपर्यंत एकसारखा ठेवणारे दिवे मिळतात. माहितीपत्रकात उजेड आणि वेळ यांचा आलेख दिला असेल, तर तो जरूर पाहावा.

थंडीची काळजी फारशी नको. निफाडचा पारा हिवाळ्यात ५ अंशांच्या आसपास उतरतो हे आपण दरवर्षी वर्तमानपत्रात वाचतोच, आणि डोंगरातही रात्री गारठा असतो; तेवढ्याने लिथियम-आयन सेलचे काही अडत नाही. साधे अल्कलाइन सेल मात्र थंडीत लवकर मान टाकतात. पाण्याबद्दल म्हणाल, तर तंबूच्या आत आयपीएक्स ४, म्हणजे उडालेल्या पाण्यापासून संरक्षण, पुरेसे आहे. सॅकमध्ये दिवा आपोआप दाबला जाऊन पेटत राहू नये, यासाठी बटणाला कुलूप असल्याची खात्री करावी. सेल काढता येत असल्यास एक सेल उलटा घालून ठेवणे हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे.

आपल्याकडे हेडलॅम्प, म्हणजे पट्ट्याने डोक्याला बांधायचा दिवा, असेल, तर खरेदीपूर्वी घरीच एक प्रयोग करून पाहावा. पाण्याने भरलेल्या दुधी पांढऱ्या बाटलीला तो आतल्या बाजूला प्रकाश पडेल असा गुंडाळावा. सारी बाटली मंद उजळते. आपल्या मुलीला एवढ्यावर झोप लागली, तर वेगळा दिवा घेण्याची गरजच उरणार नाही. आणि एक सूचना संकोच सोडून करतो. आत दिवा आणि बाहेर अंधार असताना तंबूचे कापड सिनेमाच्या पडद्यासारखे काम करते, तेव्हा कपडे बदलताना दिवा मालवावा.

प्रश्न : आजोबांच्या वेळचा रॉकेलचा कंदील आमच्याकडे चांगल्या स्थितीत आहे. तंबूची खिडकी उघडी ठेवून तो आत लावला तर चालेल का?
(एक वाचक, सिन्नर)

उत्तर : चालणार नाही. खिडकी उघडी ठेवण्याचा निश्चय पहाटेच्या थंडीपर्यंत किंवा पावसाच्या पहिल्या सरीपर्यंतच टिकतो. त्यानंतर बंद तंबूत ज्योतीला हवा कमी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जाग येऊ देत नाही. शिवाय आजचे तंबू नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे असतात. हे कापड २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळते, आणि ज्योतीची उष्णता त्याच्या कितीतरी वर असते. पाय लागून कंदील कलंडला, तर चेनचे टोक शोधायलाही उसंत मिळणार नाही. मेणबत्ती आणि गॅसचा दिवा यांनाही हेच लागू आहे. आजोबांचा कंदील तंबूपासून चांगला दूर, मोकळ्यावर, सपाट दगडावर ठेवून त्याच्या उजेडात अवश्य जेवावे.

प्रश्न : हवा भरून फुगवायचे सौर दिवे अगदी हलके असतात. जुलैमध्ये त्र्यंबकेश्वर परिसरात मुक्कामाला जाताना एखादा न्यावा का?
(एक वाचक, पंचवटी, नाशिक)

उत्तर : असे दिवे वजनाला आणि मंद उजेडाला उत्तम असतात, परंतु त्यांची छोटी सौरपट्टी सेल पूर्ण भरायला लख्ख उन्हाचे बरेच तास घेते. जुलैच्या त्र्यंबकेश्वरात ते ऊन मिळण्याची आशा धरू नये. यूएसबीवरही चार्ज होणारा प्रकार मिळाला, तर तो घरून पूर्ण भरून न्यावा.