रेनसूट गळतो तो बैठकीतच

मोटारसायकल आणि पाऊस या विषयावर मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली आणि निम्म्याहून जास्त पत्रांत तक्रार एकच: एवढा चांगला रेनसूट घेतला, तरी कामावर पोचेपर्यंत भिजतोच. माझा धंदा पावसाळी कपडे दुरुस्त करण्याचा. लोक ‘गळतोय’ म्हणून सूट आणून टाकतात, मी तो उलटा करून पाणी कुठून शिरलं ते शोधते. शिवाय स्वतःही मोटारसायकलवरूनच ये-जा करते. त्यामुळे उत्तरं जरा सुई-दोऱ्याच्या बाजूला झुकतील, चालवून घ्या.

माझ्या रेनसूटवर ‘वॉटरप्रूफ 5000 मिमी’ असं छापलंय. छाती, पाठ, हात सगळं कोरडं राहतं, पण अर्ध्या तासात पॅन्टची बैठक ओली होते. मग दिवसभर खुर्चीत अवघडून बसायचं. दुकानदार म्हणतो 10,000 वाला घ्या. घेऊ का?

थांबा, घाई करू नका. आधी तो आकडा काय सांगतो ते बघू. कापड ताणून धरतात, त्यावर पाण्याचा स्तंभ उभा करतात आणि किती उंचीला पाणी पलीकडे पाझरायला लागतं ते मोजतात. म्हणजे तुमचं कापड 5 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सोसतं.

आता तुमच्या गाडीवर दाब किती पडतो? ताशी 60 किलोमीटरला समोरच्या वाऱ्याचा दाब भरतो जेमतेम 17 मिमी पाण्याएवढा. थेंब आदळतो तो जोरात, पण क्षणभरच. बैठकीचं गणित वेगळं. समजा, 70 किलो वजन हजार चौरस सेंटिमीटरवर टेकलंय. एका चौरस सेंटिमीटरवर 70 ग्रॅम, म्हणजे 700 मिमी पाण्याचा दाब, आणि तो तुम्ही उठेपर्यंत हटत नाही. बुडाच्या हाडांखाली तर याच्या कितीतरी पट. छातीवरचं कापड आणि बैठकीचं कापड एकाच थानातलं असलं तरी दोघांच्या नशिबात फार फरक आहे.

तरीही 5000 पुरायला हवं ना? कापडापुरतं पुरतंच. गळते ती शिवण. पॅन्टच्या बैठकीत चार शिवणी एका जागी येतात आणि प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. ही भोकं आतून टेप चिकटवून बंद केलेली असतात. बसता-उठता, पाय टाकून गाडीवर चढताना ती टेप तिथेच सगळ्यात जास्त दुमडते आणि घासते. माझ्याकडे येणाऱ्या पॅन्टींत पहिली सुटलेली टेप बहुतेक वेळा याच चौकात सापडते. तुमची पॅन्ट उलटी करा, खिडकीजवळ धरा आणि शिवणीवरून अंगठा फिरवा. टेपची कड नखाला लागली, खाली बुडबुडे दिसले किंवा टेप पिवळट पडून कडक झाली असेल तर चोर सापडला. सुटलेली टेप काढून टाका, जागा स्पिरिटनं पुसून पूर्ण वाळू द्या आणि शिवणीवर आतून सीम सीलरचा, म्हणजे टाक्यांची भोकं बुजवणाऱ्या द्रवाचा, पातळ हात द्या. सीलर तुमच्या कापडाला चालणारा हवा. पीव्हीसी प्लास्टिकचा वेगळा, पीयू (पॉलीयुरेथेन) लेप असलेल्या नायलॉनचा वेगळा. लावल्यावर रात्रभर तसंच राहू दे.

नवीन घ्यायचाच असेल तर आकडा नंतर वाचा, आधी पॅन्ट उलटी करून बघा. बैठकीत एकसलग तुकडा घालून शिवणी मांडीकडे सरकवल्या असतील तर डोळे झाकून घ्या. पुढे चेन असलेली पॅन्ट शक्यतो टाळा. पोट, मांड्या आणि टाकी यांच्यामध्ये पाण्याचं चांगलं डबकं साचतं आणि चेन नेमकी त्याच्या तळाशी असते. चेनवाली आधीच घेतली असेल तर जॅकेट मांडीपर्यंत लांब ठेवा आणि सिग्नलला गाडी थांबली की दोन पायांवर उभं राहून डबकं ओतून द्या. शेजारचा बघतो, बघू दे.

राहिली गाडीची सीट. तिचं कव्हर शिवणीत उसवलंय का? आतला फोम रात्रभर पाणी पितो आणि सकाळी कडक ऊन असतानाही तुम्ही बसलात की ते पाणी वर येतं. ‘पाऊस नसताना भिजलो’ असं लिहिणाऱ्यांनी आधी सीट दाबून बघावी.

हातमोजे जॅकेटच्या बाहीवर घालायचे की बाहीच्या आत? गळ्यातून पाणी शिरतं त्याचं काय?

कौलं कशी बसवतात? वरच्याची कड खालच्यावर. पाणी वरून खाली ओघळतं, म्हणून वरचा थर खालच्याच्या बाहेर. हँडलवर हात ठेवला की कोपर वर आणि मनगट खाली असतं, म्हणजे बाहीवरचं पाणी मनगटाकडे येणार. तेव्हा मोजा आत, बाही त्याच्यावर, वेल्क्रो घट्ट. मोजा बाहीवर चढवलात तर त्याचा पेला होतो आणि थोड्या वेळात बोटं पाण्यात. ज्यांच्या गाडीचं हँडल इतकं उंच आहे की मनगट कोपराच्या वर जातं, त्यांनी हेच उलटं करावं.

गळ्याचं दुखणं जरा किचकट. हेल्मेटवरून निथळणारं पाणी नेमकं कॉलरवर पडतं आणि पुढून वारा ते आत ढकलतो. सगळ्यात मोठा घोटाळा होतो सुती रुमालानं. गळ्याला रुमाल गुंडाळायचा, त्याचं एक टोक बाहेर राहायचं. सुती कापड पाणी ओढून घेतं, बाहेरचं टोक भिजलं की हळूहळू छातीपर्यंत ओल पोचते. भोक कुठेही नाही आणि शर्ट ओला! रुमाल ठेवायचा तर पूर्ण आत. त्यापेक्षा पाणी न शोषणाऱ्या कापडाची गळपट्टी बरी. जॅकेटची टोपी हेल्मेटवरून ओढू नका. वाऱ्यानं ती फुगते, मान मागे खेचते आणि बाजूचं दिसत नाही. हेल्मेटच्या आत जाड टोपी कोंबली तर हेल्मेटच नीट बसत नाही. म्हणून टोपी काढून घरी ठेवा. निघत नसेल तर गुंडाळून कॉलरमध्ये दाबा, मागे लोंबत ठेवलीत तर ती पाणी साठवते आणि उतरताना पाठीत ओतते.

रेनसूट नवा आहे, भोक नाही, टेप शाबूत आहे. तरी शर्ट ओला होतो. असं कसं?

तो पाऊस नाही, तो तुमचाच घाम आहे. रागावू नका. ‘गळतो’ म्हणून माझ्याकडे आलेले कितीतरी सूट मी पाणी भरून तपासते आणि एक थेंब बाहेर पडत नाही.

फरक ओळखायचा तर ओल कुठे आहे ते बघा. गळतीची ओल एका रेषेत किंवा एका ठिपक्यात असते. चेनच्या रेषेत, शिवणीवर, गळ्याखाली. घामाची ओल पाठभर, काखेत, कोपराच्या आतल्या घडीत पसरलेली असते, आणि सूटचं अस्तर सगळीकडे सारखं दमट लागतं. खात्री हवी असेल तर आत जुनं वर्तमानपत्र गुंडाळून, वर सूट चढवून दहा मिनिटं शॉवरखाली स्वस्थ उभं राहा. हालचाल नाही म्हणजे घाम कमी, कागद जिथे भिजला तिथे गळती.

पीव्हीसीचा सूट वाफ बाहेर सोडतच नाही. श्वास घेणारं, म्हणजे वाफ बाहेर सोडणारं कापड त्यापेक्षा बरं, पण त्यालाही मर्यादा आहे: बाहेर हवा दमट असली की आतली वाफ बाहेर जायचा वेग मंदावतो, आणि पावसात हवा दमटच असणार. त्यात बाहेरच्या थरावरचा पाणी झटकणारा लेप झिजला, की थेंब घरंगळण्याऐवजी कापडातच मुरतात, वरचा थर पाण्यानं जड होतो आणि वाफेची वाट जवळपास बंद होते. पाणी आत आलेलं नसतं, तरी गार आणि ओलं वाटतं. त्याला लेबलवर लिहिलंय तसं धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, साबणाचा अंश राहणार नाही असं खळबळून काढा. लेबलवर परवानगी असेल तर मध्ये कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवा, लेप बऱ्यापैकी जागा होतो. नाही झाला तर वरून फवारायचा लेप मिळतो.

आणि साधा उपाय म्हणजे कामाचा शर्ट घालून निघूच नका. तो पिशवीत. आत पातळ, लवकर वाळणारा टीशर्ट घाला आणि सूट अगदी निघताना चढवा. जिने उतरून, गाडी पुसून, गप्पा मारून मग किक मारणारा माणूस रस्त्यावर येण्याआधीच भिजलेला असतो.

जोरात चालवलं तर कमी भिजतो, असं मित्र म्हणतो. खरं आहे का?

कागदावर थोडंफार खरं. समोरून अंगावर येणारं पाणी तुम्ही किती अंतर कापता त्यावर ठरतं, वेगानं त्यात फारसा फरक पडत नाही. वरून पडणारं मात्र लवकर पोचलात तर कमी. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो: वेग दुप्पट, दाब चौपट. चेनच्या पट्टीखालून, कॉलरमधून पाणी आत ढकलतो तो हाच. शिवाय ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, आणि रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणं, रेल्वेचे रूळ यांवर टायरची पकड जवळपास नसते. मित्राला म्हणावं, तू हो पुढे.

वडील रेनसूटला कंटाळतात आणि पॉन्चो घालूनच गाडी चालवतात. चालेल ना?

नाही. पायी चालायला पॉन्चोइतकं सोयीचं काही नाही, पण गाडीवर त्याचा घोळ वाऱ्यानं उडतो, मागचा दिवा आणि इंडिकेटर झाकतो आणि कधी चाकात किंवा साखळीत अडकेल सांगता येत नाही. वडिलांना सूट चढवायचा कंटाळा असेल तर पायाच्या बाजूला गुडघ्यापर्यंत चेन असलेली पॅन्ट बघा. बूट न काढता चढते.

बुटांवरून प्लास्टिकची कव्हरं चढवतो तरी मोजे ओले होतात.

बुटात पाणी सहसा वरून येतं. पॅन्टची लांबी तुम्ही दुकानात उभं राहून बघता. गाडीवर गुडघा वाकला की तीच पॅन्ट चार-पाच बोटं वर चढते आणि घोट्याशी फट पडते. म्हणून लांबी बघताना खुर्चीवर उलटं, घोड्यावर बसल्यासारखं बसून बघा. पॅन्ट कव्हरच्या बाहेर, आत नाही. टाचेखालून अडकवायची इलॅस्टिकची पट्टी नसेल तर शिवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. डाव्या-उजव्यातला जो पाय सायलेन्सरकडे येतो तिथे घोळ आवळून ठेवा. वितळून भोक पडलेले पाय माझ्याकडे सारखे येतात.

कव्हरचा तळ गुळगुळीत असेल तर ते सरळ फेकून द्या. ओल्या रस्त्यावर पाय टेकला आणि सटकला की गाडीसकट आडवे. आणि समोरच्या चाकाकडे बघा. पुढचा मडगार्ड आखूड असेल तर आभाळातल्यापेक्षा जास्त पाणी तुमचंच चाक तुमच्या बुटांवर उडवतं. खाली रबरी मडफ्लॅप लावून घेतला की फरक पहिल्याच पावसात कळतो.

हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरते. काच उघडली की डोळ्यांत पाणी.

काच गार, श्वास गरम आणि दमट, म्हणून धुकं. काचेच्या आत बसवायची दुसरी पातळ काच मिळते, दोन्हींमध्ये हवेचा थर राहतो आणि वाफ धरत नाही. तुमच्या हेल्मेटला बसत असेल तर दुसरं काही शोधू नका. नसेल तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आतून चोळून कोरड्या मऊ कापडानं पुसा, एखाद-दुसरी फेरी निघते. काळी काच पावसात नको, ओरखडे पडलेली तर नकोच. रात्री समोरचा दिवा त्या प्रत्येक ओरखड्यावर फुटतो.

पिशवीला रेनकव्हर आहे, तरी लॅपटॉपजवळ ओल येते.

कव्हर तीन बाजूंनी असतं, पाठीला टेकणारी बाजू उघडी. तुमच्या पाठीवरचा ओघळ तिथूनच आत जातो. कव्हर असू दे, पण लॅपटॉप आणि कपडे आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि तिचं तोंड तीनदा गुंडाळून दाबा. फोनही त्यातच. चार्जिंगच्या खाचेत ओल असेल तर पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावू नका.

जुना रेनसूट कपाटातून काढला तर आतून चिकट झालाय, पापुद्रे निघतायत. दुरुस्त होईल का?

नाही होणार. पीयूचा लेप दमटपणानं विघटित होतो आणि एकदा चिकट झाला की त्यावर टेपही टिकत नाही, सीलरही नाही. ओला सूट घडी घालून डिकीत ठेवला की हे लवकर होतं. नवा घ्याल तो रोज उलटा करून सावलीत वाळवा, आतून कोरडा लागला की सुलटा करा आणि घडी न घालता हँगरला लावा. जुन्याची चेन, वेल्क्रो आणि पायाच्या पट्ट्या मात्र कापून माझ्यासारख्या कुणाकडे तरी द्या. चांगली चेन जोडायला नेहमी लागते.