वाचकांचे प्रश्न : वेढा घालणाऱ्याचीही रसद

प्रश्न : अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे उत्तर आणि दक्षिण राज्यांच्या लढाईत, दक्षिणेचे मिसिसिपी नदीवरील व्हिक्सबर्ग 47 दिवसांत पडले, व्हर्जिनियातील पीटर्सबर्ग मात्र साडेनऊ महिने टिकले. दोन्ही ठिकाणी वेढा घालणारा सेनापती उत्तरेचा ग्रँटच होता. मग एवढा फरक का पडला?

उत्तर : व्हिक्सबर्गला चहूबाजूंनी वेढा पडला होता, पीटर्सबर्गला तो शेवटपर्यंत पूर्ण पडलाच नाही, हे सरळ उत्तर झाले. परंतु वेढा घालणाऱ्यालाही रोज जेवावे लागते, ही गोष्ट त्यात राहून जाते; आणि ग्रँटची व्हिक्सबर्गची मोहीम पहिल्यांदा फसली ती नेमकी तिथेच. डिसेंबर 1862 मध्ये तो लोहमार्गाच्या आधाराने मिसिसिपी राज्यात दक्षिणेकडे सरकत असताना दक्षिणेच्या व्हॅन डॉर्नच्या घोडदळाने 20 तारखेला होली स्प्रिंग्ज येथील त्याचे कोठार जाळले आणि त्याच सुमारास फॉरेस्टच्या स्वारांनी टेनेसीतील रूळ उखडले. एकही मोठी लढाई न हरता ग्रँटला मागे फिरावे लागले. परतीच्या वाटेवर त्याच्या फौजेने मुलखातून धान्य आणि जनावरे गोळा करून पोट भरले, आणि शत्रूच्या प्रदेशात सैन्य किती काळ तगू शकते याचा अंदाज त्याला तेव्हा आला.

पुढच्या वर्षी त्याने तो उपयोगात आणला. 16 एप्रिल 1863 च्या रात्री उत्तरेच्या पोर्टरचा आगबोटींचा ताफा व्हिक्सबर्गच्या तोफांसमोरून खाली निसटला आणि 30 तारखेला ब्रुइन्सबर्गपाशी ग्रँटची फौज मिसिसिपीच्या पूर्व तीरावर उतरली. यानंतर ग्रँटने रसदीची वाट साफ सोडून दिली, असे पुष्कळदा लिहिले जाते; माझ्या मते ही अतिशयोक्ती आहे. मांस आणि मका मुलखातून मिळत होता हे खरे, पण दारूगोळा, कडक बिस्किटे, कॉफी आणि मीठ नदीकडून गाड्यांनी येत राहिले, आणि गाड्या कमी पडल्या तेव्हा मळेवाल्यांच्या शोभिवंत बग्ग्यांनाही मिळतील ती जनावरे जुंपून त्यांत काडतुसे भरली गेली. 14 मे रोजी त्याने जॅक्सन हे रेल्वेचे ठाणे घेतले, त्यामुळे व्हिक्सबर्गला पूर्वेकडून येणारी कुमक आणि धान्य दोन्ही तुटले. त्यानंतर चॅम्पियन हिल आणि बिग ब्लॅक नदी येथील लढाया जिंकून 18 मे रोजी तो शहरासमोर उभा राहिला.

19 आणि 22 मे रोजी त्याने तटावर केलेले दोन्ही हल्ले फसले. मात्र याझू नदीकाठचे उंचवटे हाती आल्यामुळे उत्तरेकडून येणाऱ्या आगबोटींचा माल आता थेट त्याच्या मोर्चांच्या पाठीशी उतरू लागला होता. एका बाजूला रोज भरणारे कोठार आणि दुसऱ्या बाजूला रोज रिकामे होणारे, अशी स्थिती झाल्यावर निकाल जवळजवळ ठरलेलाच होता. शहरात कडधान्याच्या पिठाचा पाव आणि खेचराचे मांस खाण्याची वेळ आली, गोळ्यांपासून बचावासाठी लोक टेकड्यांत गुहा खोदून राहू लागले, आणि कागद संपल्यामुळे तेथील वर्तमानपत्र भिंतीला चिकटवण्याच्या नक्षीदार कागदाच्या पाठीवर छापले गेले. जॅक्सनच्या बाजूला दक्षिणेचा सेनापती जॉन्स्टन शहर सोडवण्यासाठी सैन्य जमवत होता, पण तो वेळेवर आला नाही. 4 जुलै रोजी शहर राखणारा सेनापती पेम्बर्टन याने सुमारे 29,500 सैनिकांसह शरणागती पत्करली.

पीटर्सबर्गची गोष्ट वेगळी आहे. जून 1864 मध्ये ग्रँटने शहराच्या पूर्वेला खंदक खणले, तरी दक्षिणेकडचे आणि पश्चिमेकडचे लोहमार्ग दक्षिणेचा सेनापती ली याच्या हातात होते. म्हणून ग्रँटने पुढचे महिने आपली डावी बगल लांबवत एकेक मार्ग तोडण्यात घालवले. ऑगस्टमध्ये वेल्डनचा मार्ग तुटल्यावर लीचे लोक स्टोनी क्रीक स्थानकावर माल उतरवून तो गाड्यांनी लांबच्या वळशाने आणू लागले. जानेवारी 1865 मध्ये विल्मिंग्टन बंदराचा रक्षक किल्ला फोर्ट फिशर पडल्यावर त्या बंदरातून येणारा मालही थांबला. शेवटचा साउथ साइड मार्ग 2 एप्रिल रोजी गेला आणि त्याच रात्री लीने पीटर्सबर्ग आणि दक्षिणेची राजधानी रिचमंड दोन्ही सोडली.

प्रश्न : रेल्वेवाचून घोडागाड्यांनी फौजेचे भागले नसते काय?

उत्तर : फार दूरवर नाही. उत्तरेच्या फौजेत एका घोड्याला रोज सुमारे साडेपाच किलो दाणा आणि सव्वासहा किलो गवत असे प्रमाण ठरलेले होते. गाडी ओढणारे जनावरही जवळपास तितकेच खाणार, त्यामुळे वाट जितकी लांब तितका गाडीतला माल जनावरांच्याच पोटात जाणार. याच कारणाने ग्रँटने पीटर्सबर्गजवळच्या सिटी पॉइंटच्या नदीबंदरापासून थेट खंदकांच्या मागे लष्करी रेल्वे नेली; त्या बंदरावरच्या भट्ट्यांत दिवसाला लाखभर पाव भाजले जात. तिकडे लीच्या बाजूला मांसाची इतकी टंचाई होती की सप्टेंबर 1864 मध्ये हॅम्प्टनच्या घोडदळाने ग्रँटच्या पिछाडीला जाऊन सुमारे 2,500 गुरे हाकून आणली. ही धाड गाजली, पण गुरे आणली तरी त्यांना घालायला वैरण कुठे होती? हिवाळ्यात तर लीला चाऱ्यासाठी आपले बरेचसे घोडदळ दूरवर विखरून ठेवावे लागले.