जुन्या बोर्डाला कोणती एसएसडी?

प्रश्न : आमचा संगणक २०१४ साली जोडून घेतलेला आहे. चौथ्या पिढीचा आय-थ्री, एच८१ बोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. बटण दाबून चहा टाकला आणि पिऊन झाला, तरी हा तयार नसतो. दुकानदार म्हणतो, ‘एनव्हीएमई घ्या, साध्या एसएसडीच्या सहापट पळते. स्लॉट नसला तर कार्ड लावून देतो.’ घेऊ का?
– एक वाचक, कराड

उत्तर : घेऊ नका. दुकानदाराचा आकडा खोटा नाही. एसएसडी म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क. साटाची, म्हणजे हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते आणि एनव्हीएमई, म्हणजे बोर्डाच्या वेगळ्या स्लॉटमध्ये बसणारी वेगवान एसएसडी, साडेतीन हजारांच्या घरात जाते. पण तुमच्या पिढीतल्या बहुतेक बोर्डांच्या बायॉसला (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमला) एनव्हीएमईवरून विंडोज सुरूच करता येत नाही. म्हणजे कार्ड बसेल, नवी डिस्क दिसेलही, आणि विंडोज मात्र जुन्या हार्ड डिस्कवरूनच कण्हत उठेल!

तुम्हाला हवी अडीच इंची साटा एसएसडी, ५०० जीबीची. तुमचा खोळंबा होतो तो शेकडो बारक्या फायली शोधत हार्ड डिस्कचं हेड इकडून तिकडे फिरतं म्हणून. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे साटावरही फरक पहिल्याच दिवशी जाणवेल. त्यापुढचा सहापट वेग पत्रव्यवहार, बँक आणि यूट्यूबला कळणारसुद्धा नाही.

एच८१मध्ये साटाची चार पोर्ट असतात, त्यांतली दोनच ६ जीबीपीएसची. एसएसडी त्यांपैकी एकात लावा. बोर्डावर पोर्टाशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, भिंग घ्या. बायॉसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) ‘एएचसीआय’ आहे ना, तेही आधीच पाहा. विंडोज टाकल्यावर तो बदलला तर विंडोज सुरू न होता बिघाडाचा निळा पडदा दिसू शकतो.

विंडोज नव्यानेच टाका. क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करता येतं, पण इतक्या वर्षांचा कचरा नव्या घरात कशाला न्यायचा? आधी फोटो-कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा आणि एकटी एसएसडी जोडून विंडोज टाका. हे टाळू नका. दोन्ही जोडलेल्या असल्या की विंडोज कधी कधी सुरू होण्याच्या फायली जुन्या डिस्कवर ठेवतं, आणि पुढे ती डिस्क गेली की धडधाकट एसएसडी असूनही संगणक उठत नाही. काम झालं की केबल परत लावा. फोटो, गाणी तिथेच राहू द्या.

डीफ्रॅगचं (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावण्याचं) वेगळं सॉफ्टवेअर मुळीच चालवू नका. एसएसडीला लागणारं ट्रिम (पुसलेल्या फायलींची जागा साफ करणं) विंडोज आपणहून करतं. मात्र ट्रिममुळे पुसलेली फाइल परत मिळणं जवळपास अशक्य असतं, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

५०० जीबीच का? विंडोज १०चा नियमित आधार (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाही. या यंत्रावर फार खर्च करू नये. उद्या नवं घेतलंत, तर हीच एसएसडी यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून वापरता येईल.