आग आणि पाणी या अर्थांची लॅटिन-ग्रीक मुळं पाठ करून इंग्रजी शब्दसंग्रह वाढतो का? कोणती मुळं करावीत?

वाढतो, पण मुळांच्या लांबलचक याद्या पाठ करू नका. पाचच करा: आगीची इग्निस, प्युर, फ्लामा आणि पाण्याची हायड्रो, उंडा. प्रत्येकासोबत एक फसवा शब्दही वहीत लिहा, कारण परीक्षेत मार्क जातात ते तिथेच. आणि उच्चारावर जाऊ नका, स्पेलिंग बघा.

इग्निस आपल्याला फुकटात मिळतं. लॅटिन इग्निस आणि संस्कृत अग्नी एकाच मुळातले. इग्नाइट, इग्निशन, इग्नियस रॉक. भूगोलात त्यालाच अग्निजन्य खडक म्हणतात, सह्याद्रीतला बेसॉल्ट त्यातलाच. पण इग्नोरंट दिसला की आग शोधू नका. तिथे नकारार्थी 'इन' आणि पुढे 'ग्नो', म्हणजे आपलं 'ज्ञा'. इग्नोरंट म्हणजे शब्दशः अज्ञ. इग्नोबल (हलका, नीच) हाही त्याच घरातला.

ग्रीक प्युर इंग्रजीत पी-वाय-आर असं येतं: पायर (चिता), पायरोमेनिया (आगी लावण्याचं वेड), पायरोमीटर (भट्टीचं तापमान मोजणारं यंत्र). अँटिपायरेटिकमध्ये आगीचा अर्थ तापापर्यंत आलाय. पॅरासिटॅमॉल हे ताप उतरवणारं औषध. पायोरियात मात्र पी-वाय-ओ आहे. ते ग्रीक 'प्युऑन', म्हणजे चक्क आपला पू. पिरिक व्हिक्टरीत दोन आर असतात. ती आली एपिरस या ग्रीक राज्याच्या पिरस राजावरून: इ.स.पू. 279 मध्ये इटलीतल्या अस्क्युलमला त्याने रोमनांना हरवलं, पण स्वतःची इतकी माणसं गमावली की जिंकणं अंगाशी आलं. त्याच्या नावाचा अर्थ ज्वालेच्या रंगाचा, हे खरं. पण शब्दाचा अर्थ आगीवरून लावलात तर चुकाल.

फ्लामाचं एकच सांगतो. टँकरवर 'हायली इनफ्लॅमेबल' लिहिलेलं असतं. इथला 'इन' नकाराचा नाही, त्यामुळे फ्लॅमेबल आणि इनफ्लॅमेबल दोन्ही ज्वलनशीलच. विरुद्धार्थी हवा तर नॉनफ्लॅमेबल.

ॲक्वा मी पाचात धरलं नाही, ते सगळ्यांना येतं. फक्त ॲक्विडक्टच्या स्पेलिंगमध्ये क्यू-यू नंतर ए नाही, ई येतो. आणि अक्वायरमध्ये ए नंतर सी असतो, त्याचा पाण्याशी संबंध नाही.

हायड्रो जरा जपून. हायड्रंट, डीहायड्रेशन सरळ आहेत. हायड्रॉलिक म्हणजे पाणी अधिक नळी. हायड्रोफोबिया हे पाण्याच्या भीतीइतकंच रेबीजचंही नाव. हायड्रोजन म्हणजे पाणी निर्माण करणारा. पण एकदा वायूला हे नाव पडल्यावर रसायनशास्त्रात 'हायड्रो'चा अर्थ बऱ्याचदा हायड्रोजन झाला. हायड्रोकार्बनमध्ये पाण्याचा थेंब नसतो, हायड्रोजन आणि कार्बन असतात. हायपरहायड्रोसिस, म्हणजे अतिघाम, हा आणखी वेगळा: एच-आय-डी. तो ग्रीक 'हिड्रॉस', म्हणजे घाम, आणि आपला 'स्वेद' त्याच्याच नात्यातला.

उंडा म्हणजे लाट. शब्दसंग्रहाच्या प्रश्नांना माझ्या मते याच मुळाचा सर्वांत जास्त उपयोग होतो, आणि नेमकं हेच बहुतेक जण सोडतात. इनंडेट म्हणजे पुरात बुडवणं, आणि अर्जांचा पूर आला तरी हाच शब्द. अंड्युलेट म्हणजे लाटांसारखं वरखाली होणं. अबंडंट म्हणजे भरभरून वाहणारं, विपुल. रिडंडंटही मुळात काठावरून ओसंडणारं, म्हणून जादाचं, अनावश्यक. आणि सराउंड? त्यात 'राउंड' दिसतो, पण मूळ 'सुपर' अधिक 'उंडा', वरून वाहून बुडवणं. गोल वेढण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

हे सगळे शब्द अर्थासकट घोकण्यापेक्षा शब्दकोशात शब्दाच्या नोंदीत चौकटी कंसात दिलेली व्युत्पत्ती बघायची सवय लावा. नवा शब्द भेटला की आधी स्पेलिंगचा तुकडा अधोरेखित करा, मुळाचा अंदाज बांधा आणि मगच कंस वाचा.