धरणाच्या वर सॅमन मासे पुन्हा सोडण्यात धोका किती आणि फायदा किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियात धरणांच्या मागच्या नद्यांत, जिथे पूर्वी सॅमन होते, तिथे ते परत नेऊन सोडायचं चाललंय. मासेच तर आहेत, सोडले की झालं. मग एवढे अभ्यास आणि वाद कशासाठी?

मी सॅक्रामेंटोत राहतो. जलाशयातल्या पाण्याच्या तापमानाचं गणित मांडणं हे माझं पोटापाण्याचं काम. मासेतज्ज्ञ नाही, पण इथे पाण्याचं कुठलंही गणित शेवटी माशापाशी येऊन थांबतं, म्हणून लिहितो. (आधी एक खुलासा. आपल्याकडे रावस ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकतात, तो हा नव्हे. दोघांचं नातं फक्त पाटीवर.)

सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि काही वर्षांनी आपल्याच नदीत परत येऊन, अंडी घालून मरतो. आमच्याकडे ‘अमेरिकन’ नावाच्या नदीवर निंबस धरणाखाली मत्स्यबीज केंद्र आहे. नोव्हेंबरच्या सुमारास तिथली माशांची पायऱ्यापायऱ्यांची वाट उघडते, तेव्हा मी मुलाला घेऊन जातो. हातभर लांब मासा, शेपटीची कड झिजून पांढरी झालेली, पाठीवर बुरशीचे चट्टे, तरी प्रत्येक पायरीवर उसळी मारतो. एकदा मुलगा म्हणाला, “बाबा, याला कुणीतरी सांगा ना, वर धरण आहे.”

आता तुमच्या प्रश्नाकडे. या सगळ्यात जास्त चर्चेत असलेला मासा म्हणजे सॅक्रामेंटो नदीचा हिवाळी चिनूक (चिनूक ही सॅमनचीच एक जात). तो हिवाळ्यात नदीत शिरतो, पण अंडी घालतो ऐन उन्हाळ्यात. ऐकायला वेडेपणा वाटतो, कारण तिथल्या रेडिंग शहरात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. पण त्याचं मूळ घर होतं मॅकक्लाउडसारख्या नद्यांत, शास्ता पर्वताच्या ज्वालामुखी खडकातून पाझरणाऱ्या झऱ्यांच्या पाण्यात. ते उन्हाळ्यातही थंडगार. १९४५ साली पूर्ण झालेल्या ६०२ फूट उंचीच्या शास्ता धरणानं त्या घराचं दार बंद केलं.

मासा टिकला तो धरणाच्या तळाचं थंड पाणी खाली सोडतात म्हणून. ज्यानं घर हिरावलं त्याच्याच ओसरीवर आसरा, असा प्रकार. अंड्यांना पाणी साधारण १३ अंश सेल्सियसच्या आत लागतं. त्याहून गरम झालं की अंडी मरायला लागतात. १९९७ पासून धरणाला वेगवेगळ्या खोलीवरून पाणी उचलणारी यंत्रणा आहे, म्हणजे थंड पाणी पुरवून पुरवून वापरता येतं. पण मुळात तलावात थंड पाणीच उरलं नाही तर यंत्रणा काय करणार? २०१४ आणि २०१५ च्या दुष्काळात तेच झालं. दोन्ही वर्षी नदीतली सुमारे ९५ टक्के अंडी आणि पिलं गेली. मासा तीन वर्षांनी परततो, त्यामुळे असं लागोपाठ तिसरं वर्ष आलं असतं तर नदीतली वंशावळ जवळजवळ पुसलीच असती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वर्षभरात परतणारे मासे दोनशेच्याही खाली गेले होते, हे लक्षात घ्या.

म्हणून धोक्याचा हिशोब मांडताना पहिली ओळ ‘सोडलं तर काय होईल’ ही नसावी, ‘नाही सोडलं तर काय’ ही असावी. हिवाळी चिनूक जवळजवळ सगळा धरणाखालच्या काही मैलांच्या पट्ट्यात, एका तलावाच्या थंड पाण्यावर जगतेय. दुसरं घर मिळणं हाच सगळ्यात मोठा फायदा. बाकीचे फायदेही खरे आहेत. मेलेल्या सॅमनच्या अंगातून समुद्रातलं नायट्रोजन काठच्या झाडांपर्यंत पोचतं, हे झाडांच्या तपासणीत दिसलंय. आणि विनेमम विंटू या मूळ रहिवाशांसाठी तो मासा घरचा माणूस आहे. २०१० साली ते न्यूझीलंडला गेले आणि तिथल्या राकाइया नदीकाठी माशांसमोर नाच करून त्यांनी क्षमा मागितली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅकक्लाउडवरच्या मत्स्यबीज केंद्रातून तिकडे अंडी गेली होती, त्यांचे वंशज तिथे आहेत. तेच मासे परत आणा, असं त्यांचं म्हणणं. सरकारी शास्त्रज्ञ यावर बिचकतात आणि मला ते पटतं. शंभर वर्षं परक्या पाण्यात राहिलेला मासा सोबत कुठला रोग आणेल, आणि तो मुळात हिवाळी चिनूकच आहे का, हे दोन्ही प्रश्न किरकोळ नाहीत.

२०२२ च्या उन्हाळ्यात शास्ता धरणाखालच्या मत्स्यबीज केंद्रातली सुमारे ४० हजार अंडी दोन खेपांत मॅकक्लाउडच्या काठी नेली. वाटाण्याएवढं केशरी अंडं, आत दोन काळे ठिपके, ते पिलाचे डोळे. डोळे दिसू लागले की अंडं प्रवासाचे धक्के सोसतं, त्याआधी नाही. पिलं फुटली, वाढली. थोडक्यात, घर अजून राहण्याजोगं आहे.

खरी गोम यापुढे आहे. वर नेणं सोपं, खाली आणणं महाकठीण. बोटभर पिलाला समुद्राकडे जायचंय आणि मध्ये मैलोन्‌मैल संथ, कोमट तलाव, त्यात टपून बसलेले बास मासे आणि शेवटी ६०२ फुटांची भिंत. पिलं संथ पाण्यात वाट चुकतात, वाहतं पाणीच त्यांचा रस्ता. त्यामुळे ती तलावात शिरायच्या आतच पकडावी लागतात. नदीत दोन तराफ्यांमध्ये प्रवाहावर फिरणारा मोठा शंकू लावतात, मागे पेटी. सकाळी पेटीतला पालापाचोळा उपसून पिलं वेचायची आणि ट्रकनं धरणाखाली न्यायची. तलावाच्या तोंडाशी जाळ्यांची तरंगती यंत्रणाही लावून पाहिली. वर सोडलेल्या शंभर पिलांपैकी किती हाती लागतात, या एका आकड्यावर अख्खी योजना तरते किंवा बुडते. तो कमी आला तर दुर्मीळ जातीची अंडी दरवर्षी तलावातल्या बासना खाऊ घालण्यासारखं होईल. शिवाय ती अंडी खालच्याच तुटपुंज्या साठ्यातून जातात, हा खर्चही धरायचा.

हे सगळीकडे सारखं नसतं. वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीच्या वरच्या भागात ग्रँड कूली धरणामागे चिंता वेगळी आहे: खालून आलेले मासे आयएचएन हा माशांना रोग देणारा विषाणू वर नेऊन तिथल्या ट्राउटना देतील का, आणि तलावात घुसलेला नॉर्दर्न पाइक हा खादाड मासा पिलं शिल्लक ठेवेल का. तिथल्या आदिवासी जमातींनी मिळून आधी अभ्यास केला, धोके आटोक्यातले आहेत असा निष्कर्ष २०१९ मध्ये काढला आणि मगच थोडे थोडे मासे सोडले. २०२३ मध्ये पुढच्या टप्प्यासाठी २० वर्षांत २० कोटी डॉलरचा करार झाला. उलट कॅलिफोर्निया-ओरेगन सीमेवरच्या क्लॅमथ नदीवर २०२४ पर्यंत चार धरणंच पाडली आणि काही आठवड्यांत चिनूक आपले आपण वर ओरेगन राज्यात पोचले. ट्रक नाही, अंडी नाहीत. धरण पाडता येत असेल तर त्याला तोड नाही. पण सॅक्रामेंटो खोऱ्याची शेती ज्याच्यावर उभी आहे ते शास्ता पाडायचं म्हटलं तर इथला शेतकरी मलाच नदीत सोडेल.

जमीनमालकांची भीतीही ऐकलीच असेल: संरक्षित मासा आला की मागोमाग निर्बंध येणार. त्यासाठी कायद्यात ‘प्रायोगिक समूह’ अशी सोय आहे, नियम सैल करता येतात. भीती पूर्ण जात नाही, पण बोलणी तरी होतात.

मला विचाराल तर मॅकक्लाउडवर काम चालू ठेवावं, पण अंडी थोडीच न्यावीत आणि केंद्रातलीच न्यावीत, नदीतल्या मोठ्या माशांना हात लावू नये. आणि पिलं पकडण्याचा आकडा किती वर्षांत किती झाला नाही तर थांबायचं, हे आत्ताच कागदावर लिहून ठेवावं. एकदा पैसे आणि प्रतिष्ठा अडकली की मग ते कुणीच लिहीत नाही.